पहाटेचा मुका रियाज

खरं तर चार्टवाल्यांनी त्या रविवारी फक्त "हो, देऊन टाकू" एवढंच म्हणायला हवं होतं. तेवढं म्हटलं असतं तर पुढची सगळी फजिती टळली असती आणि तुम्हीही ही गोष्ट इथेच मिटवून आपापल्या कामाला लागला असता.

झालं असं, की सकाळी त्यांच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीला, म्हणजे यांच्या भाचीला, शाळेत व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली होती आणि वर्गात वाद्यं कमी पडत होती. तुझं ते कपाटावर पडलंय ना, ते दे तिला, नाहीतरी तू कुठे वाजवतोस, असं ताई म्हणाली. फोन स्पीकरवर होता. बायकोनं कपड्यांच्या घड्या घालता घालता दुजोरा दिला. व्हायोलिनची पेटी निघाली तर तिथे जुनी पांघरुणं मावतील, असंही म्हणाली. यात कुणाचा काही दुष्टावा नव्हता. पण चार्टवाल्यांना वाटलं, ही पेटी घराबाहेर गेली की आपल्याजवळ आपलं असं काहीच उरणार नाही. उरेल तो नुसता एक बाप, ज्याच्या शर्टाच्या खांद्यावर कुणाचा तरी शेंबूड कायमचा वाळलेला असतो.

"मी वाजवतो ते," ते म्हणाले.

बायको एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घेते. शेवटचं कधी खाल्लंत, हे ती दिवसातून साठ वेळा विचारते. त्याच सुरात तिनं विचारलं, "शेवटचं कधी वाजवलंत?"

चार्टवाल्यांनी मनात हिशेब केला. थोरलीचा जन्म व्हायच्या आधी. थोरली आता सहा वर्षांची. हिशेब त्यांनी मनातच ठेवला आणि बेधडक सांगून टाकलं, की मास्तरांचा वार्षिक कार्यक्रम दहा आठवड्यांवर आलाय, त्यात मी वाजवणार आहे. (मास्तर म्हणजे लग्नाआधी त्यांना तीन वर्षं व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ. कार्यक्रमाचं पत्र ते जुन्या विद्यार्थ्यांना दरवर्षी पाठवत, आणि चार्टवाले दरवर्षी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहीत.) शेवटी असं ठरलं, की कार्यक्रमात वाजवलं तर व्हायोलिन घरात राहील, नाहीतर त्याच दिवशी भाचीकडे जाईल. ताई म्हणाली, ठीक आहे, मी कार्यक्रमाला येतेच. आणि येताना गाडी घेऊन येते, म्हणजे पेटी न्यायला बरं.

आता चार्टवाले म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे. बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांचे ड्युटी-चार्ट बनवणारे ते क्लार्क. कोणती गाडी कोण नेणार, कुणाची सुट्टी, कुणाच्या जागी कोण, हे सगळं ते पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर घेऊन एका भल्यामोठ्या कागदावर आखतात. टेबलावर कॉम्प्युटर आहे, पण तो ते किती वाजले हे बघायला वापरतात. एकशे बारा गाड्या आणि तीनशेच्या वर माणसं त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर फिरतात. नाव घेऊन त्यांना डेपोत कुणी हाक मारत नाही. ड्रायव्हर मंडळी चहाच्या वेळी म्हणतात, चार्टवाल्यांच्या कागदावर गाडी कधी पंक्चर होत नाही. चार्टवाले हे कौतुक समजतात.

तेव्हा एकशे बारा गाड्या हलवणाऱ्या माणसाला दोन मुलं काय जड, असा विचार त्यांच्या मनात येणं अगदी साहजिक होतं. सोमवारी त्यांनी डेपोतून मोठा कागद आणला आणि घराचा चार्ट आखला. निळ्या पेन्सिलीनं मुलं, लाल पेन्सिलीनं आईवडील. मुलांची आंघोळ, जेवण, दात घासणं, गोष्ट, झोप, सगळं पाच-पाच मिनिटांत बसवलेलं. संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात 'छंद (पती)' आणि सव्वासात ते आठ 'छंद (पत्नी)'. एकाचा छंद चालू असताना दुसरा मुलांच्या ड्युटीवर. शेवटच्या ओळीत आयत्या वेळच्या अडचणींसाठी दहा मिनिटंसुद्धा राखून ठेवली होती. एवढी सोय डेपोतही नसते.

चार्ट फ्रिजवर चिकटवला. बायकोनं तो वरपासून खालपर्यंत नीट वाचला. तिचाही एक छंद होता, वाचनाचा. पाचशे पानांची एक रहस्यकथा तिनं धाकटा झाल्यावर वाचायला घेतली होती. धाकटा आता अडीच वर्षांचा झाला होता आणि ती त्रेचाळिसाव्या पानावर होती. त्या पानावर ती अकरा वेळा झोपली होती. त्यामुळे चार्ट बघून तिचे डोळे जरा चमकले, नाही असं नाही. पण ती सरळ स्वभावाची बाई आहे. तिनं एकच शंका काढली.

"धाकट्याला हे वाचता येत नाही."

धाकट्याचं घरातलं नाव काहीही असो, चार्टवाले मनातल्या मनात त्याला चेकर म्हणत. डेपोत तिकीट तपासणारे चेकर असतात ना, जिथे नको तिथे आणि नको तेव्हा गाडीत चढणारे, तसाच हा. तुम्ही कुठल्याही खोलीत जा, दार कितीही हळू लावा, दोन मिनिटांत चेकर हजर.

पहिल्या दिवशी साडेसहाला चार्टवाल्यांनी आतल्या खोलीत पेटी उघडली. चेकर साडेसहा वाजून एक मिनिटानं आला आणि त्यानं व्हायोलिनचा गज मागितला. गज दिला नाही म्हणून तो जमिनीवर पालथा पडला. त्याच्या मागोमाग थोरली आली. तिला भांडायचं नव्हतं, माहिती हवी होती. हा गज कशाचा असतो, तिनं विचारलं. मुलांना खरं ते सांगावं अशा मताचे असल्यामुळे चार्टवाल्यांनी सांगितलं, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. मग घोड्याला दुखलं का? नसेल दुखलं. घोड्याला विचारलं होतं का? नाही. आता घोड्याला शेपटी आहे का? असेल बहुतेक. तो घोडा आता कुठे आहे? चार्टवाल्यांनी फार विचार न करता सांगितलं, की व्हायोलिन जुनं आहे, त्यामुळे घोडा आता नसेल. यावर थोरलीनं जो गळा काढला तो सव्वासातपर्यंत काढला. पंचेचाळीस मिनिटांपैकी एकेचाळीस मिनिटं त्या घोड्याच्या दुखवट्यात गेली.

सव्वासातला बायकोची पाळी. पुस्तक घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं. चार्टवाले मुलांच्या ड्युटीवर उभे राहिले. मुलं त्या दिवशी फार शहाण्यासारखी वागली, हे कबूल केलं पाहिजे. पंचेचाळीस मिनिटांत दार वाजवलं गेलं ते सहा वेळा, आणि सहाही वेळा चार्टवाल्यांनीच. एकदा धाकट्याचा निळा पेला कुठे आहे म्हणून. एकदा तो पेला सापडला, पण त्याचं झाकण कुठे आहे म्हणून. एकदा थोरलीला खोकला आलाय तर औषध द्यायचं का म्हणून, आणि लगेच तो खोकला खोटा होता, दिलं नाही, हे कळवायला म्हणून. पाचव्यांदा पायजम्याची पुढची बाजू कोणती म्हणून. सहाव्यांदा ते नुसतं दार ढकलून आत डोकावले आणि म्हणाले, वाच तू निवांत, बाहेर सगळं व्यवस्थित चाललंय. बायकोनं बोट घालून पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. पान त्रेचाळीसच होतं.

दोन आठवडे असेच गेले. चार्टवाल्यांनी चार्ट सात वेळा खोडला. मुलांना वेळ बदलून दिली, खेळणी बदलून दिली, आपण खोली बदलली. एकदा तर न्हाणीघरात स्टूल टाकून बसले. पण घरात कुणी न्हाणीघरात आहे म्हटलं की मुलांना तिथेच जायचं असतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आठ आठवडे उरले. ताईनं फोन करून सहज विचारलं, की भाचीनं पेटीवर चिकटवायला स्टिकर आणलेत, आत्ताच चिकटवले तर चालेल का. चार्टवाले त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

मग त्यांना तो शोध लागला. मुलं जागी असताना व्हायोलिन वाजवता येत नाही, हे सिद्ध झालं होतं. म्हणजे मुलं झोपलेली असताना वाजवायचं. पहाटे साडेपाच ते सव्वासहा. दिवाणखान्यात कुणी नसतं, चेकर साखरझोपेत असतो. फार हुशारीची योजना होती. तीत एकच बारीकशी अडचण होती, आणि ती दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजून एका मिनिटानं कळली. व्हायोलिनला आवाज असतो. गज तारेवरून एकदाच, जेमतेम वीतभर फिरला. चेकर दारात उभा. पाठोपाठ थोरली. पाठोपाठ बायको, तिला सातला ड्युटीवर जायचं होतं आणि तिची हक्काची पंचेचाळीस मिनिटं झोप गेली होती. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा चार्टवाले जास्त घाबरतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारांखाली मऊ फडकं खुपसलं. आता आवाज आला तो डासासारखा. बायको अर्धवट झोपेत उठली आणि पंधरा मिनिटं घरभर डास शोधत फिरली. चार्टवाले व्हायोलिन पाठीमागे लपवून तिला डास शोधू लागले. सापडला नाही म्हणताना त्यांना जरा अपराधी वाटलं.

तिसऱ्या दिवशी गज पेटीतच ठेवला.

डाव्या हाताची बोटं तारांवर चालवायची, गज मनात ओढायचा, सूर मनात ऐकायचा. मास्तरांनी शिकवलेली एक सोपी, संथ धून त्यांना आठवत होती, चार मिनिटांची. ती त्यांनी तशी वाजवून पाहिली. आणि काय सांगू, अप्रतिम वाजली. एक सूर इकडचा तिकडे नाही. कुठे अडखळणं नाही, कुठे करकरणं नाही. चार्टवाल्यांच्या अंगावर काटा आला. घरात चिडीचूप. चेकर गाढ झोपलेला.

त्या दिवसापासून पहाटेचा रियाज सुरू झाला तो एकही दिवस चुकला नाही. सवयीप्रमाणे त्यांनी नोंदवही ठेवली. तारीख, सुरुवात, शेवट, चुका. चुकांच्या रकान्यात रोज शून्य. पहिल्या महिन्याच्या शेवटी तर त्यांनी त्या धुनेत स्वतःच्या चार हरकतीसुद्धा घातल्या, आणि त्याही पहिल्याच फटक्यात जमल्या. मान डोलायला लागली, डोळे आपोआप मिटायला लागले. एकदा बायको पाणी प्यायला उठली तेव्हा तिला दिसलं, की नवरा अंधुक उजेडात हनुवटीखाली व्हायोलिन धरून, हातात काहीही नसताना उजवा हात हवेत मागेपुढे करतोय आणि डोळ्यांतून पाणी काढतोय. तिनं दार हळूच लोटून घेतलं आणि परत जाऊन झोपली. लग्नाला नऊ वर्षं झाली की माणूस सगळ्याच गोष्टींची चौकशी करत नाही.

कार्यक्रमाला आठवडा राहिला तेव्हा मास्तरांचा फोन आला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी इतक्या वर्षांनी कुणीतरी नाव दिलं म्हणून म्हातारा खूश होता. रियाज चालू आहे ना, त्यानं विचारलं. चार्टवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, रोज पहाटे साडेपाचला. ते ऐकून मास्तरांचा आवाज जड झाला. ते म्हणाले, आजकालची पोरं आठ वाजल्याशिवाय उठत नाहीत, तुम्ही नोकरी आणि मुलं सांभाळून पहाटे रियाज करता, तुम्हाला मी मधे कुठेतरी बसवणार नाही. सगळ्यात शेवटी तुम्ही. शेवटची जागा मानाची असते. चार्टवाल्यांनी नको-नको म्हटलं, पण ते ऐकू जाऊ नये इतपतच.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला, एका शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होता. घडीच्या खुर्च्या, एक पंखा, साठेक माणसं. दुसऱ्या रांगेत बायको, तिच्या एका बाजूला थोरली आणि दुसऱ्या बाजूला ताई आणि भाची. भाचीच्या मांडीवर स्टिकरांचं पाकीट होतं. चेकर कुणाच्याच बाजूला नव्हता. तो खुर्च्यांखालून फिरत होता आणि लोकांच्या चपला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेत होता. पहिल्यांदा एका दातांच्या डॉक्टरनं वाजवलं, मग एका निवृत्त पोस्टमननं, मग कॉलेजच्या दोन मुलींनी. सगळ्यांनी बरं वाजवलं. एवढं सगळं चालू असताना चेकर एक क्षण एका जागी बसला नाही. त्या मुलींनी तर इतकं छान वाजवलं की तो स्टेजवर चढून नाचला, आणि त्याला उतरवायला बायकोला तीन वेळा उठावं लागलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि केसांची पिन सुटली होती.

मग मास्तर उठले. चार्टवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी लोकांना पहाटे साडेपाचचं सगळं सांगितलं. शेजाऱ्यांकडेही मी चौकशी केली, ते म्हणाले, या माणसाचा आम्हाला कधी त्रास म्हणून झाला नाही, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी स्वतः तारा सुरात लावून दिल्या. चार्टवाल्यांनी डोळे मिटले, मान नेहमीसारखी डोलवली आणि पन्नासेक दिवसांत पहिल्यांदा गज तारेवर ठेवला.

आता जे झालं ते नीट समजून घ्या, कारण चार्टवाल्यांना ते समजायला दोन दिवस लागले. बोटं घसरली नाहीत. एकही जागा विसरली नाही, एकही हरकत राहिली नाही. फक्त एवढंच, की व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं याला खूण नसते, ते कानानं कळतं. आणि कानांना दोन महिने सुट्टी होती. त्यामुळे प्रत्येक बोट आपल्या खऱ्या जागेपासून बरोबर अर्धं बोट अलीकडे पडायला शिकलं होतं, आणि दोन महिन्यांच्या रियाजानं तिथे पक्कं बसलं होतं. धुनेत चूक अशी एकही नव्हती. सगळी धूनच चुकीची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी शिस्तीत. शिवाय गजाला सवय नव्हती, त्यामुळे तो जड पावलांनी चालत होता आणि चार मिनिटांची धून संपता संपत नव्हती. ऐकणाऱ्याला वाटत होतं, कुणीतरी दूर कुठेतरी एक जुनं दार फार सावकाश उघडतंय आणि ते पूर्ण उघडत नाहीय.

चार्टवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमत नव्हती. त्यांना ऐकू येत होतं सगळं. पहिल्या ओळीतच त्यांना कळलं होतं, की पेटी गेली. इतकं वाईट वाटलं, की थांबावंसं वाटलं, पण मधेच थांबून लोकांकडे बघावं लागलं असतं, म्हणून वाजवत राहिले. आठ मिनिटं वाजवलं.

शेवटी गज उचलला तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग मास्तरांनी टाळ्या सुरू केल्या. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, हात छान बसलाय, आता फक्त सुराकडे बघा. हे म्हणताना म्हातारा खाली बघून डोळे पुसत होता, ते आनंदाश्रू नव्हते.

चार्टवाल्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, गज ठेवला, दोन्ही कड्या लावल्या आणि खाली उतरून सरळ भाचीसमोर जाऊन उभे राहिले. पेटी पुढे केली. ताईलाच कसंतरी झालं, ती म्हणाली, राहू दे रे आज, घाई नाहीये. भाचीनं मात्र दोन्ही हात पुढे केले.

"थांब," बायको म्हणाली. "व्हायोलिन कुठेही जाणार नाही."

ती कुजबुजत बोलली होती. चार्टवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांत त्यांनी तिला असं पाहिलं नव्हतं, धाकट्याच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही. त्यांच्या मनात आलं, हिला कळलं. सूर चुकला असेल, पण त्यामागचं मन हिला कळलं.

"अगं, तुला खरंच आवडलं?"

"हळू बोला," बायको म्हणाली. "दोघं झोपलेत."

तेव्हा चार्टवाल्यांनी खाली पाहिलं. थोरली तिच्या दंडावर मान टाकून झोपली होती. आणि मांडीवर चेकर. तोंड उघडं, एका हातात कुणाची तरी चप्पल, अगदी घोरत. दिवसाउजेडी, पंख्याखाली, साठ माणसांत. अडीच वर्षांत तो दुपारचा असा कधी झोपला नव्हता. बायकोनं सांगितलं, की तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा हा स्टेजकडे निघाला होता. तिसऱ्या सुराला मधेच थांबला, डोळे चोळले, परत आला आणि आडवा झाला. थोरली आणखी एक मिनिट टिकली. मागच्या रांगेत दातांच्या डॉक्टरचं तान्हं बाळही झोपलं होतं, आणि त्याची आई चार्टवाल्यांकडे हात जोडून बघत होती.

"रोज वाजवाल ना?" बायकोनं विचारलं. लग्नाआधीसुद्धा तिनं त्यांच्याकडे काही इतक्या आर्जवानं मागितलं नव्हतं.

ताई भाचीला घेऊन रिकाम्या हातानं गेली. भाचीला तिच्या बाबांनी पुढे दुसरं व्हायोलिन आणलं आणि ती त्यावर आता बरं वाजवते, असं कळतं.

इकडे चार्टवाल्यांना जे हवं होतं ते सगळं मिळालं. छंदाला रोज वेळ मिळाला, तोही चार्टमध्ये न खोडता. साडेसातला मुलं अंथरुणात गेली की ते पलंगाच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसत आणि तीच धून वाजवत. रविवारी दुपारी एक जादा फेरी. पंधराव्या मिनिटाला दोघंही गार. थांबलं की मात्र चेकर डोळे किलकिले करी, म्हणून पाऊण तास वाजवावंच लागे. तेवढ्या वेळात बायको बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन वाचत बसे. त्रेचाळिसावं पान मागे पडलं, खुनी सापडला, दुसरं पुस्तक आलं, मग तिसरं. तिच्या तब्येतीत फरक पडला. तिच्या तपासणी केंद्रातल्या दोघीजणींनी चार्टवाल्यांचं वाजवणं मोबाइलवर मागून नेलं.

फक्त चार्टवाल्यांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. ते शनिवारी पुन्हा मास्तरांकडे जाऊ लागले होते. मास्तर त्यांचं एकेक बोट धरून अर्धं बोट पुढे सरकवत होते. अवघड होतं, पण ते चिकाटीनं करत होते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा तरी ती धून खरी कशी आहे ते आपल्या हातून ऐकायचं होतं, बस्स.

ते एका रविवारी दुपारी जमलं. कसं जमलं देव जाणे. मुलं नुकतीच झोपली होती, बाहेर बायकोनं पान उलटल्याचा आवाज आला आणि चार्टवाल्यांचं पहिलं बोट नेमकं जिथे पडायला हवं तिथे पडलं. मग दुसरं. मग सगळीच. खोलीभर सूर भरला. इतका गोड, की त्यांना वाटलं, हे दुसरंच कुणीतरी वाजवतंय. पहाटे मनात ऐकलेलं ते हेच होतं, आणि आता ते खरोखर बाहेर ऐकू येत होतं.

चेकरनं डोळे उघडले. तो उठून बसला आणि टक लावून ऐकू लागला. थोरलीही उठली. दोघंही इतकी शांत आणि इतकी टक्क जागी होती, की चार्टवाल्यांना वाटलं, आयुष्यात याहून जास्त काय पाहिजे. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "बाबा, परत."

दार उघडलं. बायको पुस्तकात बोट घालून उभी होती. तिनं जागी मुलं पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय वाजवताय? जसं रोज वाजवता तसं वाजवा."

चार्टवाल्यांनी बोटं अर्धं बोट मागे घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. यात त्यांना मुळीच कष्ट पडले नाहीत. तिसऱ्या सुराला चेकरनं जांभई दिली.